कोरा नमुना

४ सप्टेंबर

ताई,

आईच्या जुन्या चष्म्याची डबी तू जाताना कुठे ठेवलीस ते कळव. आई म्हणते शिवणाच्या खणात आहे. खण मी पालथा घातला. त्यात बटणं, खडूचे तुकडे आणि तुझं ते चेपलेलं अंगुस्तान निघालं, डबी नाही.

बघ, पुन्हा ताकाला जाऊन भांडं लपवते आहे. डबी कालच सापडली. पण फोन तू उचलत नाहीस, आणि दारातून निघताना तू जे बोललीस त्यानंतर तुझ्या घरी यायची माझी हिंमत नाही. म्हणून हे पत्र, आणि पत्राला निमित्त म्हणून डबी.

खरी गोष्ट अशी. काल आमच्या कारखान्याच्या गेटवर गाळाचा ट्रक भरत होता. गाडी निघायच्या आधी नमुना घ्यायचा, एवढंच माझं काम. ट्रकवाला सहीला लॅबमध्ये आला आणि जाता जाता म्हणाला, "तिकडच्या मुकादमांनी विचारलंय तुम्हाला. तुमचेच ना ते, इथले जुने?"

"तिकडचे म्हणजे कुठले?"

त्याने गावाचं नाव सांगितलं. तुमचं नवीन गाव.

मी सही केली की नाही तेही आठवत नाही. ताई, ज्या गाळापायी आमच्या जस्ताच्या कारखान्यातली फिल्टरची खोली बंद झाली, तोच गाळ आम्ही ट्रक भरभरून तिकडे विकतो. तिथे त्यातून उरलंसुरलं कॅडमियम काढतात. आणि तो गाळ उतरवून घ्यायला भाऊजी उभे. माझ्यावर रागावून गेले आणि आगीतून निघून फुफाट्यात पडले.

मला फक्त एवढं सांग. त्यांचे केस गळतात का? पायांची आग होते का? झोप लागते का? लागत असली तरी त्यांना डॉक्टरकडे ने आणि लघवी थॅलियमसाठी, म्हणजे त्या गाळातल्या विषारी धातूसाठी, तपासायला सांग. नाव कागदावर लिहून ने, कारण तपासणाऱ्यांनीही ते क्वचितच ऐकलेलं असतं.

आई बरी आहे. खुब्याचं तसंच. खाली बसली की एकटीला उठवत नाही. तू होतीस तेव्हा आपण दोघी तिला एका दमात उभी करायचो. आता शेजारच्या मास्तरीणबाई येतात. त्या "एक, दोन, तीन" म्हणतात आणि दोनलाच उचलतात, मग आई त्यांच्याकडे कलते आणि मी मोकळ्या हाताने उभी.

मी ठीक. जेवायला हल्ली लॅबमध्येच बसते, तिथे शांत असतं.

उत्तर दे. सही तू ठेवलेल्या नावानेच करते.

टाचणी

१३ सप्टेंबर

ताई,

उत्तर नाही. रोज जाता-येता पेटीत हात घालून बघते. पोस्टमन काल म्हणाला, "बाई, आलं तर मी काय घरी नेणार आहे?"

तू वाचतेस की तशीच चुलीत घालतेस ते मला ठाऊक नाही. वाचत असशील म्हणून एकदा नीट सांगते, कारण मला वाटतं तुला कुणी नीट सांगितलंच नाही. तुला वाटतं मी एक बटण दाबलं आणि तुझ्या नवऱ्याची खोली बंद झाली.

माझ्या यंत्रात एका बारीक काचेच्या नळीच्या टोकाला पाऱ्याचा थेंब लोंबत असतो. टाचणीच्या डोक्याएवढा. तो कारखान्याच्या द्रावणात बुडवायचा आणि त्याला विजेचा ताण द्यायचा. द्रावणात विरघळलेले धातू ओढले जाऊन त्या थेंबात शिरतात. मग ताण हळूहळू सैल करायचा. तसा एकेक धातू बाहेर पडतो, प्रत्येक आपल्या ठरल्या जागी, आणि पडताना पडद्यावर एक टेकडी काढून जातो. टेकडी कुठे आली यावरून धातू कोणता ते कळतं, आणि किती उंच यावरून किती आहे ते.

आता गंमत ऐक. शिसं आणि थॅलियम यांच्या टेकड्या इतक्या शेजारी येतात की एक मोठी असली तर दुसरी तिच्या पोटात दडते. बघणाऱ्याला वाटतं सगळं शिसंच आहे. पण एक पांढरी पूड असते, ती चिमूटभर टाकली की शिशाचं तोंड बंद होतं. शिशाची टेकडी खाली बसते. थॅलियम असेल तर ते मात्र तसंच उभं राहतं. मार्चमध्ये मी ती पूड टाकली, कारण टेकडीला एका बाजूने खांदा आल्यासारखा दिसत होता आणि मला रात्री झोप लागेना. पूड टाकली आणि टेकडी हलली नाही.

भाऊजीच तर म्हणायचे, "आमचं टकल्यांचं डिपार्टमेंट, कंगव्याचा खर्च नाही." सगळी खोली हसायची. मीही हसले होते. त्या खोलीतले सगळे पन्नाशीच्या आतले होते, ताई, आणि दोघातिघांच्या भुवयासुद्धा विरळ झाल्या होत्या. मग मी काय करायला हवं होतं? टेकडी खोडायची होती?

खोली बंद झाली. बाकीच्यांना इकडे तिकडे कामं दिली. भाऊजींना स्टोअरमध्ये खिळे मोजायला बसवलं, हे वाईट झालं, आणि ते मी ठरवलं नव्हतं. तरी तू दारात उभी राहून म्हणालीस, "तुझ्या यंत्राने माझ्या घरची चूल विझवली. आता माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." ओठांत टाचण्या धरून तू लहानपणी मला रागवायचीस ना, ते शब्द मला अर्धेच कळायचे. हे पूर्ण कळले. मला रागही आला. अजून आहे. भावापेक्षा जास्त मानलं भाऊजींना, म्हणून तर आधी त्यांच्यासाठीच जीव खालीवर झाला.

त्यांना डॉक्टरकडे ने. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

टाचणी

२२ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. आईने आधी वास घेतला, मग मला वाचायला दिलं, मग माझ्याकडून काढून घेऊन उशीखाली ठेवलं. चार ओळींचं पत्र आणि केवढी वट.

तू लिहिलंस, "यांची तब्येत उत्तम आहे. इथल्या लॅबवाल्याला यांनी विचारलं. थॅलियम वगैरे काही नाही, थोडं शिसं आहे, ते सगळीकडेच असतं. माझंही काम जोरात आहे, मशीनला उसंत नाही. पेडल मारून मारून संध्याकाळी टाचा जमिनीला टेकवत नाहीत. आईला औषध वेळेवर दे. जुन्या गोष्टी उगाळू नकोस."

थोडं शिसं. ताई, हे वाचून मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारून आले. त्या लॅबवाल्याने पूड टाकली होती का? नसणारच. त्याला टेकडी दिसली, त्याने शेजारच्याच्या नावावर लावली आणि मोकळा झाला. मी त्याला दोष देत नाही. शिकवलेलं नसेल तर मीही तेच केलं असतं. पण त्याचं "थोडं शिसं" ऐकून भाऊजी तिथे बिनघोर उभे आहेत.

तेव्हा आता माझं ऐक. डॉक्टर नको तर नको. भाऊजींचे थोडे केस काप, मानेजवळून, मुळाशी. करंगळीएवढी जुडी पुरे. कागदात गुंडाळ आणि पाठव. थॅलियम अंगात गेलं की केसांत उतरतं. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी लॅब उघडते, तेव्हा कुणी नसतं, साहेबांना विचारायची गरज नाही.

आणि तुझेही पाठव. घाबरू नकोस. प्रत्येक तपासणीबरोबर आम्ही एक कोरा नमुना चालवतो, ज्यात काही सापडणार नाही याची खात्री असते असा. त्यात काही आलं नाही की समजायचं, भांडी स्वच्छ आहेत, यंत्र शहाण्यासारखं वागतंय, मग दुसऱ्यात जे आलं ते खरं. तुझ्याहून चांगला कोरा नमुना मला कुठे मिळणार? घर तेच, पाणी तेच, ताटातलं तेच, फक्त कारखाना नाही. तू घरात मशीनवर.

टाचांचं म्हणशील तर पेडलला मोटर बसवून घे. आता आपण पंचविशीतल्या नाही.

केस मात्र पाठव. हट्टीपणा आईकडून मला आला असं सगळे म्हणतात, तुझ्या वाट्याचा कुठे गेला ते मला माहीत आहे.

टाचणी

३ ऑक्टोबर

ताई,

मिळाले. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसती पुरचुंडी. पण पाठवलेस. मला एवढ्यानेही बरं वाटलं, उगाच नाही म्हणत नाही.

कसल्या जाड कापडात शिवलं आहेस गं. उसवायला माझी कात्री बोथट झाली. आत दोन जुड्या, एकीला लाल दोरा, एकीला निळा. लाल म्हणजे भाऊजी, हे आखूडपणावरूनच कळलं. निळी तुझी. आईने ती हातात घेतली आणि बराच वेळ सोडेना. म्हणाली, "किती पातळ झाले गं हिचे. माझ्या दोन मुठीत मावत नव्हती हिची वेणी." मी म्हटलं, "वय झालं तिचं, आई." आई म्हणाली, "माझं नाही का झालं?" कापडाचा तुकडा तिने चष्मा पुसायला ठेवून घेतला, बोचतो म्हणून कुरकुरते आणि तरी वापरते.

आज सकाळी लॅब उघडली. केस साबणाच्या पाण्यात खळखळून धुतले, मग नुसत्या पाण्यात, मग पुन्हा, म्हणजे वरवर बसलेली धूळ निघून जाते आणि केसाच्या आत आहे तेवढंच उरतं. मग ॲसिडमध्ये गरम करत ठेवले. पार विरघळून पाण्यासारखं होईपर्यंत थांबायचं. मला थांबणं जमत नाही हे तुला माहीत आहे. मी खिडकीच्या काचा पुसल्या.

आधी भाऊजींचा लाल नमुना. पूड टाकली. टेकडी उभी. बेताची, पण उभी. मी आकडा लिहून घेतला, आणि खरं सांगते, आतून कुठेतरी बरंही वाटलं, की मी बरोबर होते. असं वाटायला नको होतं. वाटलं.

मग तुझा, कोरा. पूड टाकली, आणि त्यातही टेकडी.

म्हणजे सकाळभराची मेहनत मातीत. भांडी घाण, दुसरं काय. कोऱ्यात टेकडी आली म्हणजे भाऊजींचाही आकडा धरता येत नाही, त्यातलं किती त्यांचं आणि किती माझ्या गलथानपणाचं ते कळायला मार्ग नाही. हात दाखवून अवलक्षण. सगळी काचेची भांडी ॲसिडमध्ये बुडवून आले आहे. जुड्या अर्ध्याच वापरल्यात हे नशीब.

पुढच्या सुट्टीपर्यंत मला धीर धरवणार नाही. उद्या जेवणाच्या सुट्टीत बसते. तसंही माझ्याबरोबर जेवायला कुणी थांबलेलं नसतं.

टाचणी

८ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र चिडून लिहिते आहे, सांभाळून घे.

भांडी नवी काढली. तरी तुझ्या नमुन्यात टेकडी. ॲसिडची बाटली बदलली. टेकडी. पारा बदलला, नळी बदलली, पाणी दुसऱ्या टाकीचं आणलं. नुसतं ॲसिड आणि पाणी चालवलं तर पडदा सपाट, आपल्या बापाच्या टकलासारखा. मग माझे स्वतःचे केस कापले. ते धुतले, विरघळवले, चालवले. सपाट. तुझे घातले की टेकडी. आणि दर वेळी भाऊजींच्याहून उंच. याचा अर्थ काय लावायचा? मला वाटलं जुड्या पुरचुंडीत एकमेकींना घासल्या असतील, लालमधलं निळ्यात गेलं असेल. पण मग भाऊजींच्याहून जास्त कसं जाईल? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येईल?

साहेबांनी आज पकडलं. मी यंत्रापाशी वाकलेली, जेवणाचा डबा तसाच. मला वाटलं आता खासगी नमुन्यांवरून भाषण होणार. ते खुर्ची ओढून बसले. साहेब आमचे कमी बोलतात, आणि खोली बंद झाल्यापासून माझ्याशी त्याहून कमी.

"काय अडलंय?"

"कोरा नमुना घाण येतोय, साहेब."

"भांडी?"

"बघितली."

"ॲसिड?"

"बघितलं. पाराही बघितला. माझे केस चालवून बघितले."

त्यांनी सगळे आलेख एकावर एक धरून उजेडात पाहिले. मग म्हणाले, "बाई, सगळं बघितलंत तर मग नमुन्यावर विश्वास ठेवा. तो कोरा नसेल."

मी म्हटलं, "साहेब, ती माझी बहीण आहे. ती घरात बसून कपडे शिवते." ते उठले. आलेख माझ्यासमोर ठेवून गेले.

पत्र इथे थांबवलं होतं. आता संध्याकाळ आहे, आणि मघाशी जे लिहिलं ते फाडून टाकायला हवं, पण नवीन लिहायला धीर नाही. तसंच ठेवते.

घरी निघताना स्टोअरपाशी फिल्टरच्या कापडाचा नवा तागा उतरवत होते. पांढरं, जाड, तिरक्या विणीचं. मी पुढे गेले. मग मागे आले. हात लावून बघितलं. बोचतं.

आई त्याच कापडाने चष्मा पुसते आहे.

ताई, तू काय शिवतेस?

११ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र पोस्टाने नाही, गाळाच्या ट्रकवाल्याच्या हाती देते आहे. तो उद्या तिथे पोचेल. दुसरं काही याहून लवकर जात नाही, आणि तू फोन उचलत नाहीस.

भाऊजींना मी त्यांच्या कारखान्यात फोन केला. तुला त्यांनी सांगितलंच असेल. तरी आमचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मी काही वाढवून सांगितलं असं तुला वाटायला नको.

"भाऊजी, ताई मशीनवर काय शिवते?"

"हेच आपलं. पिशव्या, पडदे. का?"

"भाऊजी."

"फिल्टरची कापडं," ते म्हणाले. "इथे फाटली की टाकून देत नाहीत, ठिगळं लावून परत चढवतात. तिला घरबसल्या काम हवं होतं. मीच शब्द टाकून मिळवून दिलं."

"धुऊन देतात?"

"वाळवून देतात. ती झटकून घेते."

"कुठे झटकते?"

"घरातच. बाहेर झटकलं की शेजारी ओरडतात."

भाऊजी काही बुद्धू नाहीत. म्हणाले, "माझे किती आले?" मी सांगितलं. "आणि तिचे?" तेही सांगितलं.

ताई, आईच्या हातातलं ते कापड मी काढून घेतलं, आणि तुझं पत्र तिच्या उशीखालून काढून पुन्हा वाचलं. टाचा जमिनीला टेकवत नाहीत. हे मी वाचलं होतं, आणि तुला मोटर बसवून घे म्हणून सांगितलं होतं. तुझे केस पातळ झाले असं आई म्हणाली, तर मी वय झालं म्हटलं. जगभरच्या शिशाच्या टेकडीखालचं थॅलियम मला दिसतं, आणि भाऊजींच्या नावामागे तू उभी होतीस ती दिसली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी तुला कोरा नमुना म्हटलं होतं.

भाऊजी ओल्या गाळात, हातमोजे घालून, उघड्या शेडमध्ये काम करतात. तू ती वाळलेली कापडं बंद खोलीत झटकतेस. दोऱ्याचं टोक जिभेने ओलं करतेस. टाचण्या ओठांत धरतेस. कापडातून काढून ओठांत, ओठांतून कापडात, दिवसभर. मला डोळे मिटले की तेवढंच दिसतं.

आता सांगते ते कर. मशीन बंद. कापडं उचलू नकोस, झटकू नकोस, झाडूसुद्धा फिरवू नकोस. भाऊजी ओल्या फडक्याने सगळं पुसतील. तू हात-तोंड धुऊन सरळ मोठ्या इस्पितळात जा. केसांवरून मी फक्त बोट दाखवू शकते, खरं काय ते लघवी आणि रक्त तपासून डॉक्टर सांगतील. यावर औषध आहे. एक गडद निळी पूड असते, गोळीत भरलेली. ती पोटात थॅलियमला धरते आणि बाहेर नेते. भाऊजी निघून गेल्यावर आमच्या खोलीतल्या माणसांना दिली होती, त्यांच्या भुवया परत आल्यात. मीच पाहिल्यात.

तुझ्या लॅबवाल्यालाही पांढऱ्या पुडीची बाटली पाठवते आहे, कशी वापरायची ते साहेबांनी स्वतः लिहून दिलंय.

माझ्यावर राग ठेव. पण आधी जा.

टाचणी

१५ ऑक्टोबर

ताई,

ट्रकवाल्याने पाकीट तसंच परत आणलं, न फोडलेलं. म्हणाला, "बाई, ताईंनी हातात घेतलं, अक्षर बघितलं आणि परत दिलं. म्हणाल्या, हिने माझं कामही बंद करायला लावलं."

खरं आहे. दुसऱ्यांदा माझ्या यंत्राने तुझ्या घरचं काम बंद केलं. भाऊजींचा काल फोन आला होता. ते स्वतः इस्पितळात जाऊन आले, तपासणी देऊन आले, गोळ्या सुरू झाल्या. लॅबवाल्याने पूड टाकून बघितली आणि टेकडी उभीच राहिली, आता तिथलं सगळं कामच थांबलंय. आणि तू मात्र घराच्या दाराला आतून कडी लावून बसली आहेस. "मी कारखान्यात जात नाही, मला काय धाड भरलीय," असं तू म्हणतेस. भाऊजी रडत होते, ताई. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं.

हे पत्र मी गुडघ्यावर कागद ठेवून पेन्सिलीने लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं आहे ते त्यामुळे. तुझ्या दाराखालून सरकवते आहे. तू परत पाठवलेलं पाकीटही सोबत आहे, ते नंतर वाच.

मला माफ करायची घाई नाही. मी तुझी समजूत काढायलाही आले नाही. तू माझी बहीण आहेस आणि तुझ्या अंगात ते आहे, मी ते मोजलंय, पाच वेळा मोजलंय, आणि दर वेळी देवाजवळ एवढंच मागत होते की माझी भांडी घाण निघोत. मला तुझ्यासाठी फार भीती वाटते. पहिल्यांदाच अशी भीती वाटते आहे.

गाडी कोपऱ्यावर उभी आहे. भाऊजी तिच्यात बसलेत. इस्पितळात सांगून ठेवलंय.

मी एकटीच येणार होते. पण आईने कालपासून जेवण सोडलं, म्हणाली, "मला ने, नाहीतर तूही जाऊ नकोस." गाडीतून तिला उतरवायला भाऊजी होते. इथवर चालली, आणि तुझ्या दाराशी आल्यावर मी नको नको म्हणत असताना पायरीवर बसली. खालच्या पायरीवर, अगदी जमिनीलगत. आता म्हणते, ती दार उघडेल तेव्हाच उठीन. भाऊजींना हात लावू देत नाही.

मी एकटीने दोनदा प्रयत्न करून बघितला. तिला उठवायला दोघी लागतात.

टाचणी